कॅप्टनचा सुपरवायझर होताना: हॉल सांभाळण्याचे काम नेमके काय असते

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातील एका रेस्टॉरंटमध्ये आधी स्टुअर्ड, म्हणजे वेटर, आणि नंतर कॅप्टन म्हणून काही वर्षे काम केलेल्या एका तरुणाला मुंबईतील एका तारांकित हॉटेलात फूड अँड बेव्हरेज (खाद्य-पेय सेवा) सुपरवायझर या पदासाठी बोलावणे आले आहे. ऑर्डर घेणे, टेबल सांभाळणे, पाहुण्यांशी बोलणे हे त्यांना चांगले जमते. मात्र या नव्या पदावर रोज प्रत्यक्षात काय करावे लागते, वयाने आणि अनुभवाने मोठ्या कर्मचाऱ्यांकडून काम कसे करून घ्यावे, आणि हिशेबाचे व कायद्याचे काय आधी शिकून घ्यावे, असे त्यांनी विचारले आहे. मुंबई आणि गोव्यातील हॉटेलांत याच खात्यात काम केलेले असल्यामुळे मी त्या अनुभवावरून लिहितो आहे.

कॅप्टनचे लक्ष त्याच्या स्टेशनपुरते असते, म्हणजे पाच-सहा टेबले आणि हाताखालचे दोन-तीन स्टुअर्ड एवढ्यापुरते. सुपरवायझरला मात्र दारापासून किचनच्या पासपर्यंत, म्हणजे तयार पदार्थ जिथून बाहेर दिले जातात त्या काउंटरपर्यंत, सगळा हॉल एकाच वेळी पाहावा लागतो, आणि हे पाहणे हेच त्याचे मुख्य काम आहे. गर्दीच्या वेळी स्वतः ट्रे उचलून धावणारा सुपरवायझर पाहुण्यांना मेहनती वाटतो, व्यवस्थापकालाही कधीकधी वाटतो. पण तो पॅन्ट्रीत शिरला की तेवढा वेळ हॉलकडे पाहणारे कोणीच उरत नाही. नेमक्या त्याच वेळी बारा नंबरच्या टेबलावरील पाहुणा बिलासाठी मान वळवून शोधत असतो आणि दारातील होस्टेस रिकाम्या नसलेल्या टेबलावर कोणाला तरी बसवायला निघालेली असते. चांगल्या कॅप्टनला ही सवय सोडणे सर्वांत जड जाते, कारण हाताने काम करण्यातच आजवर त्याला शाबासकी मिळालेली असते. माणसे कमी असतील, कोणी अचानक आजारी पडले असेल, तर ट्रे जरूर उचलावा, परंतु आपल्या जागी हॉल कोण पाहणार हे एका कॅप्टनला सांगूनच.

याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण म्हणजे रविवारचा नाश्ता. हॉटेलात दिवसभर चालणारे जे रेस्टॉरंट असते, त्यात समजा १२० जणांची बसण्याची सोय आहे आणि आदल्या रात्री फ्रंट ऑफिसकडून (रिसेप्शनकडून) आकडा आला की हॉटेलात २९० पाहुणे राहत आहेत व बहुतेकांच्या भाड्यात नाश्ता धरलेला आहे. सुपरवायझरचे काम इथे सुरू होते, सकाळी सात वाजता नव्हे. या २९० मध्ये विमान कंपनीचे कर्मचारी किती, जे पहाटेच खाऊन निघतील? लग्नाला आलेला गट किती, जो साडेनऊला एकदम उतरेल? लहान मुले किती, म्हणजे उंच खुर्च्या किती लागतील? दुपारी बाराचा चेकआउट किती जणांचा आहे? ही उत्तरे रात्रीच मिळाली तर सकाळची अर्धी धावपळ टळते. तरीही नऊच्या सुमारास दारात रांग लागतेच. अशा वेळी हॉलकडे नीट पाहिले तर लक्षात येते की टेबले कमी पडलेली नसतात. पाहुणे उठून गेलेले असतात आणि उष्ट्या प्लेट तशाच पडलेल्या असतात. स्टुअर्ड कॉफी ओतण्यात, आम्लेटची चिठ्ठी काउंटरवर देण्यात गुंतलेले असतात आणि रिकामे पण न उचललेले टेबल कोणाच्याच कामात मोडत नाही. साडेआठ ते दहा या वेळात दोन माणसांना फक्त टेबल उचलणे आणि पुन्हा लावणे एवढेच काम द्यावे, त्यांना कॉफीच्या भांड्याला हातही लावू देऊ नये. रांग निम्म्यावर येते, आणि त्यासाठी एकही माणूस वाढवावा लागत नाही.

शिफ्टपूर्वीचे ब्रीफिंग हा या कामाचा दुसरा आधार आहे आणि बहुतेक ठिकाणी तो वाया घालवला जातो. दहा मिनिटे सर्वांना ओळीत उभे करून नखे, दाढी, बूट पाहणे आणि ‘आज हसतमुखाने काम करा’ असे सांगणे म्हणजे ब्रीफिंग नव्हे. आज किचनमध्ये काय नाही, काय लवकर संपवायचे आहे, सूप कोणते आहे आणि त्यात मलई आहे का, कोणत्या टेबलाचे आरक्षण वाढदिवसाचे आहे, काल कोणती तक्रार आली होती आणि तो पाहुणा आजही हॉटेलात आहे का, एवढे सांगितले पाहिजे. त्यानंतर एखाद्या नव्या मुलाला विचारावे, ‘पाहुण्याने विचारले की पापलेट कसे केले आहे, तर काय सांगशील?’ त्याला सांगता आले नाही तर शेफला दोन मिनिटांसाठी बोलावून घ्यावे. शेफही अशा बोलावण्याने खूश असतात, आणि किचन व सर्व्हिस यांच्यातील नेहमीची धुसफुस त्यातून बरीच कमी होते.

खाण्याच्या पथ्यांबाबत महाराष्ट्रातील सुपरवायझरने विशेष दक्ष असले पाहिजे. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेला पाहुणा आला की परदेशी पदार्थांबाबत सगळे सावध होतात, पण आपल्याकडील धोका दाण्याच्या कुटात आहे. काकडीची कोशिंबीर, भरली वांगी, साबुदाण्याची खिचडी, काही ठिकाणचा ठेचा, अळूचे फदफदे, या सगळ्यांत दाणे वा दाण्याचे कूट असते आणि मेनूवर त्याचा उल्लेख नसतो. ‘विचारून सांगतो’ हे उत्तर देण्याची लाज वाटू नये, हे स्टुअर्डच्या मनावर बिंबवावे लागते. जैन पदार्थाची ऑर्डर आली की कांदा-लसूण वगळून भागत नाही; बटाटा, गाजर, आले असे जमिनीखालचे काही चालत नाही, आणि तवा व डावही वेगळा हवा. उपवासाचे तर घराघरांत निराळे असते: कोणाला कोथिंबीर चालते, कोणाला चालत नाही, कोणी सैंधवच घेतो. अशा वेळी आपले ज्ञान न पाजळता पाहुण्यालाच विचारावे. केओटीवर, म्हणजे किचनला जाणाऱ्या ऑर्डरच्या चिठ्ठीवर, केवळ ‘जैन’ असे लिहून पाठवू नये, पासवर जाऊन तोंडी सांगावे आणि प्लेट बाहेर येताना कॅप्टनने ती स्वतः पाहावी.

आता बार. हिशेबाची बाजू कोणती आधी शिकावी, असे विचारले आहे, तर माझे उत्तर बारचा साठा हेच आहे, कारण तिथे मिलिलिटरपर्यंत जाब द्यावा लागतो. ७५० मिलीच्या बाटलीतून ३० मिलीचे २५ पेग निघतात, हे सर्वांना पाठ असते. पण रात्रीचा ताळा कसा जुळवायचा हे फार थोड्यांना येते. एका व्होडकाचे उदाहरण घेऊ. सुरुवातीला ३ भरलेल्या बाटल्या आणि उघड्या बाटलीत ४२० मिली, म्हणजे २,६७० मिली. स्टोअरमधून २ बाटल्या आल्या, १,५०० मिली. रात्री बंद करताना १ भरलेली बाटली आणि उघडीत ५१० मिली, म्हणजे १,२६० मिली उरले. खप २,९१० मिली, म्हणजे ९७ पेग. संगणकातील विक्री मात्र ९४ पेग दाखवते. तीन पेग गेले कुठे? अननुभवी सुपरवायझर लगेच बारमनकडे संशयाने पाहतो. त्याआधी त्या रात्रीची कॉकटेल तपासावीत: एखाद्या कॉकटेलच्या पाककृतीत ४५ मिली व्होडका आहे आणि संगणकात ती ३० मिली म्हणून भरली आहे, असे निघते, अशी सहा कॉकटेल विकली गेली असतील तर ९० मिलीचा, म्हणजे नेमका तीन पेगचा फरक पडतो. दोष पाककृती भरणाऱ्याचा असतो आणि बोलणी बारमनला बसतात. हा हिशेब स्वतः करून पाहिल्याशिवाय कोणावरही आरोप करू नये, आणि हिशेब करूनही फरक रोज त्याच शिफ्टमध्ये, त्याच ब्रँडमध्ये दिसत राहिला तर गप्पही बसू नये. मापाशिवाय हाताच्या अंदाजाने पेग ओतू देणे हे तर पहिल्या दिवसापासून बंद केले पाहिजे, मग बारमन कितीही जुना असो.

मद्याबाबतचा कायदा राज्याराज्यांत बदलतो. महाराष्ट्रात बीअर-वाइनसारख्या सौम्य मद्यासाठी वयाची अट २१ वर्षांची आहे आणि व्हिस्की, रमसारख्या कडक मद्यासाठी २५ वर्षांची. गोव्यात ती २१ आहे. गोव्यातून मुंबईत बदली होऊन आलेल्या मुलांना हे पहिल्याच दिवशी सांगावे लागते. ओळखपत्र मागणे स्टुअर्डवर सोडू नये. त्याने सुपरवायझरला बोलवावे आणि सुपरवायझरने नम्रपणे, पण स्पष्ट मागावे. पाहुण्याला राग आलाच तर तो आपल्यावर येऊ द्यावा. ड्राय डेच्या दिवशी बार बंद असतोच, पण खोलीतून येणाऱ्या ऑर्डरचे काय करायचे हे रूम सर्व्हिसच्या फोनवर बसणाऱ्याला आदल्या दिवशी सांगितलेले असले पाहिजे. परवान्याची नोंदवही रोजच्या रोज लिहिलेली असावी. राज्य उत्पादन शुल्क विभागाचा अधिकारी आला की तो आधी तीच मागतो.

बिलाचे थोडक्यात सांगतो. हॉटेलात आधीच्या आर्थिक वर्षात खोलीचे भाडे दिवसाला ७,५०० रुपयांहून अधिक घेतले गेले असेल तर तेथील रेस्टॉरंटच्या खाद्यपदार्थांवर १८ टक्के जीएसटी लागतो, बाहेरच्या साध्या रेस्टॉरंटमध्ये ५ टक्के. पुण्याहून येणाऱ्या आपल्याला हा फरक पाहुण्याला शांतपणे समजावता आला पाहिजे. मद्य जीएसटीत येत नाही, त्यावर राज्याचा व्हॅट लागतो, म्हणून ते बिलावर वेगळे दिसते. सेवा शुल्काबाबत केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्या वैध ठरवल्या; ते शुल्क आपोआप बिलात जोडता येत नाही आणि सक्तीने घेता येत नाही. आपल्या आस्थापनेचे याबाबतचे धोरण काय आहे हे रुजू होण्यापूर्वीच विचारावे, कारण पाहुण्याशी होणारा वाद आपल्यालाच झेलायचा असतो. रद्द केलेली केओटी आणि फुकट दिलेला पदार्थ या दोहोंवर कारण लिहून त्याच वेळी सही करावी. रात्री आठवून लिहिलेल्या कारणांवर लेखा विभाग विश्वास ठेवत नाही आणि त्यात त्यांचे काही चुकत नाही.

बँक्वेटमध्ये, म्हणजे लग्नासारख्या मेजवान्यांत, काम पडले तर एकच गोष्ट लक्षात ठेवावी: प्लेट कशी मोजायची हे जेवण सुरू होण्याआधी यजमानाशी ठरवून घ्यावे. करारात ३०० पाहुण्यांची हमी आहे आणि प्रत्यक्षात जास्त माणसे आली तर वाद अटळ असतो, कारण यजमान म्हणतो की एकाच माणसाने दोन प्लेट घेतल्या. मी नेहमी मुख्य जेवणाच्या मोठ्या प्लेटच मोजण्याचे आधी लिहून घेत असे. किती प्लेट मांडल्या हे यजमानाच्या एका नातेवाइकाला दाखवायचे, ३००वी प्लेट उचलली गेली की लगेच त्यांना कळवायचे आणि शेवटी उरलेल्या प्लेट त्यांच्यासमोर मोजून सही घ्यायची. रात्री साडेबाराला, वधूपिता थकलेला असताना, ‘चाळीस प्लेट जास्त झाल्या’ असे पहिल्यांदा सांगणे हे कोणत्याही सुपरवायझरला शोभत नाही.

अन्नसुरक्षेची जबाबदारी किचनची आहे, असे सर्व्हिसमधील पुष्कळांना वाटते, परंतु बुफे हा आपल्या ताब्यात असतो. एफएसएसएआयच्या (देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या) तपासणी-यादीत गरम शाकाहारी पदार्थ ६५ अंश सेल्सिअसला, मांसाहारी ७० अंशांना आणि थंड पदार्थ ५ अंश वा त्याखाली ठेवणे अपेक्षित आहे. चेफिंग डिशचे, म्हणजे बुफेवर पदार्थ ज्यात मांडतात त्या भांड्याचे, काम पदार्थ गरम ठेवणे हे आहे, गार पदार्थ गरम करणे हे नाही, आणि तिच्या खालच्या पाण्याच्या ट्रेमध्ये नळाचे गार पाणी ओतून मग खाली बर्नर लावला तर पहिला अर्धा तास ती उलट पदार्थाची उष्णता खाते. पाणी उकळते ओतावे, बर्नर पदार्थ येण्याच्या वीस मिनिटे आधी पेटवावा, आणि तापमान हाताने अंदाज न घेता थर्मामीटरने मोजून कागदावर लिहावे. दर पंचवीस अन्न हाताळणाऱ्यांमागे एक प्रशिक्षित अन्नसुरक्षा पर्यवेक्षक असावा, असा एफएसएसएआयचा नियम आहे. त्यासाठीचे फोस्टॅक प्रशिक्षण आपण घेतले नसेल तर रुजू होण्यापूर्वी घ्यावे. एका दिवसाचे असते, आणि मुलाखतीत त्याचा उपयोग होतो.

आता माणसांविषयी. वयाने मोठे कर्मचारी आपले ऐकतील का, ही भीती रास्त आहे. वीस वर्षे त्याच हॉलमध्ये काम करणारा एखादा जुना स्टुअर्ड असतो. त्याला कायमचे पाहुणे नावाने ओळखतात, त्याने असे कितीतरी सुपरवायझर येताना-जाताना पाहिलेले असतात. त्याला सर्वांसमोर काही शिकवायला जाऊ नये. पहिल्या आठवड्यात त्यालाच विचारावे की कोणता पाहुणा कोणत्या टेबलावर बसतो, कोणाला चहा कसा लागतो. त्याला ‘काका’ म्हणायचे की नावाने हाक मारायची हे तिथली रीत पाहून ठरवावे, पण अरे-तुरे करू नये. त्याची चूक झाली तर पॅन्ट्रीमागे, एकट्याला सांगावी. आणि सांगावी जरूर, कारण जुन्याला सूट आणि नव्याला दंड असे दिसले की बाकीच्यांवरचा आपला अधिकार त्याच दिवशी संपतो.

अधिकाराची खरी परीक्षा ड्यूटी चार्टवर होते, हे फार थोडे लोक सांगतात. कोकणातील मुलांना गणपतीला गावी जायचे असते, बंगाली मुलांना दुर्गापूजेला, आसामच्या मुलांना बिहूला, गोव्याच्या आणि वसईच्या मुलांना नाताळला. ३१ डिसेंबरला कोणालाच सुट्टी मिळत नाही, त्याबद्दल कोणाचीच तक्रार नसते. तक्रार असते ती दरवर्षी त्याच चौघांना गणपतीची सुट्टी मिळते याबद्दल. गेल्या दोन वर्षांत सणाला कोणाला सुट्टी मिळाली, ही वही आधीच्या सुपरवायझरकडून मागून घ्यावी. नसेल तर स्वतः सुरू करावी आणि ती भिंतीवर लावावी. सकाळी तीन-चार तास आणि पुन्हा संध्याकाळी, अशी ब्रेक शिफ्ट सतत एकाच माणसाच्या वाट्याला येत नाही ना, हेही त्याच वहीत दिसते. लोकल पकडून विरार किंवा बदलापूरला जाणाऱ्याला दुपारच्या मधल्या सुट्टीत घरी जाता येत नाही, तो लॉकर रूममध्ये बाकावर झोपतो. रात्रीच्या शिफ्टमधील मुलींच्या घरी जाण्याच्या वाहनाची सोय झाली की नाही, हे सुपरवायझरने स्वतः पाहूनच निघावे.

मद्यधुंद पाहुणा एखाद्या मुलीशी गैर वागला तर ‘पाहुणा आहे, सांभाळून घे’ असे म्हणण्याची आपल्याकडे जुनी खोड आहे. २०१३चा कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा बाहेरून येणाऱ्या माणसांपासूनही कर्मचाऱ्यांचे संरक्षण करण्याची जबाबदारी मालकावर टाकतो. त्या मुलीला तत्काळ त्या टेबलावरून हलवावे, स्वतः पुढे व्हावे, सुरक्षा विभागाला बोलवावे आणि घटना वेळेसह लॉगबुकात लिहावी. नंतर व्यवस्थापक काय ठरवतो ते ठरवो. लिहिलेले असले म्हणजे ते प्रकरण सहज दडपता येत नाही.

साध्या तक्रारींबाबत, म्हणजे सूप गार होते, ऑर्डर विसरली गेली, अशा बाबतींत, आधी पदार्थ बदलून द्यावा आणि कारण नंतर शोधावे. ‘किचनमध्ये आज गर्दी आहे’ हे पाहुण्याला सांगू नये, त्याला किचनशी काही देणेघेणे नसते. किती रुपयांपर्यंतचा पदार्थ स्वतःच्या अधिकारात माफ करता येतो हे व्यवस्थापकाकडून लेखी घ्यावे. ती मर्यादा ठाऊक नसलेला सुपरवायझर एकतर प्रत्येक वेळी साहेबांना शोधत फिरतो, नाहीतर वाटेल ते माफ करून महिनाअखेरीला बोलणी खातो. आणि मोठी तक्रार असेल तर पाहुणा व्यवस्थापकाच्या केबिनपर्यंत पोहोचण्याआधी आपण पोहोचलेले असावे.

होकार देण्यापूर्वी मुलाखतीत काही गोष्टी स्वतः विचाराव्यात. एका शिफ्टला हॉलमध्ये किती कायम कर्मचारी असतात आणि किती प्रशिक्षणार्थी विद्यार्थी व रोजंदारीवरचे? मंजूर पदे किती आणि आज रिकामी किती? टिप्सची वाटणी कशी होते आणि सुपरवायझरचा त्यात वाटा असतो का? काही हॉटेलांत तो नसतो, आणि तसे असेल तर कॅप्टन असतानाच्या एकूण मिळकतीपेक्षा हातात येणारी रक्कम सुरुवातीला कमी भरू शकते. जास्तीच्या तासांचे पैसे मिळतात की केवळ बदली सुट्टी, आणि ती प्रत्यक्षात घेऊ देतात का? क्रोकरीच्या फुटतुटीची रक्कम पगारातून कापतात का? शक्य झाले तर एखाद्या रविवारी सकाळी नऊ वाजता तिथे साधा पाहुणा म्हणून नाश्त्याला जाऊन बसावे आणि उठून गेलेल्या माणसाचे टेबल किती वेळात उचलले जाते, ते घड्याळ लावून पाहावे.